कॉम्प्युटरवर फाइल शोधताना या चुका टाळा

सोसायटीच्या सभेत माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला होता. ऑडिट रिपोर्ट काढायचा म्हणून स्टार्टवर जाऊन मी 'रिपोर्ट' एवढंच टाइप केलं. एंटर दाबायच्या आतच यादी उघडली आणि तिसऱ्या ओळीत आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट, तिच्या पूर्ण नावासकट. आईनं तोवर सख्ख्या बहिणीलाही काही सांगितलं नव्हतं.

ती फाइल चार फोल्डरांच्या आत होती. इथेच बहुतेकांची चूक होते. आपण फाइल आत आत ठेवतो आणि ती लपली असं धरून चालतो. पण विंडोजचा सर्च आधीच फाइलींची सूची, म्हणजे इंडेक्स, करून ठेवतो. त्यात नावंच नव्हे, तर वर्ड आणि पीडीएफमधले शब्दही येतात. म्हणून नाजूक फाइलीला आत काय आहे ते न सांगणारं साधं नाव द्या. पासवर्ड असलेलं ई-आधार प्रिंट करताना कंटाळून बिनपासवर्डची प्रत सेव्ह करू नका. शक्य असेल तिथे शेवटचे ४ आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार वापरा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पॅनची फाइल शोधायला पॅन नंबरच स्टार्टमध्ये टाइप करणं. तिथे वेबवरचे निकालही दिसतात, म्हणजे टाइप केलेली अक्षरं इंटरनेटवरून बिंग या मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनकडे जातात. नंबर, आजाराचं नाव, कोर्टाच्या केसचा क्रमांक तिथे लिहूच नका. फाइल एक्सप्लोररमध्ये त्या फोल्डरात जाऊन शोधा.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली सर्चचा भाग आहे. तिथे एखादा फोल्डर इंडेक्समधून वगळता येतो, शोधांचा इतिहास पुसता येतो. 'एन्हान्स्ड' निवडलं असेल तर जवळजवळ सगळा कॉम्प्युटर सूचीत येतो. घरच्या वापराला मोजक्याच फोल्डरांची सूची करणारं 'क्लासिक' पुरतं. मात्र फोल्डर वगळला म्हणजे त्याला कुलूप लागलं असं नाही. त्याच फोल्डरात जाऊन शोधलं तर फाइल सापडतेच, फक्त जरा वेळ लागतो.

'एव्हरीथिंग' हे विंडोजवर फाइल शोधायचं वेगळं टूल मीही रोज वापरते, त्याच्या वेगाला तोड नाही. ते मुळात फाइलींची नावंच शोधतं, पण ती थेट डिस्कच्या नोंदींतून वाचतं. त्यामुळे एकाच कॉम्प्युटरवरच्या दुसऱ्या माणसाच्या फाइलींची नावंही त्यात दिसू शकतात. त्याच्या ऑप्शन्समधला एचटीटीपी सर्व्हर, म्हणजे ही यादी ब्राउझरमधून दुसऱ्या कॉम्प्युटरवर दाखवायची सोय, गरज नसेल तर बंदच ठेवा. तो चालू असला आणि पासवर्ड घातला नसला, तर त्याच वायफायवरचा कोणीही यादी बघू शकतो.

मॅकवर स्पॉटलाइटच्या, म्हणजे तिथल्या सर्चच्या, सेटिंग्जमध्ये 'सर्च प्रायव्हसी' आहे, शोधात यायला नकोत ते फोल्डर त्यात टाका.

आणि सगळ्यात आधी करण्याजोगं काम: घरात एकच लॉगिन चौघांत वापरू नका. प्रत्येकाचं वेगळं, पासवर्डचं, 'स्टँडर्ड' (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार नसलेलं) खातं उघडा. मग विंडोजचा सर्च एकाच्या खाजगी फाइली दुसऱ्याला दाखवत नाही. मी लॅपटॉपवर 'सभा' नावाचं एक खातं केलंय. त्यात सोसायटीचे हिशेब आणि इतिवृत्तं, एवढंच. प्रोजेक्टरची वायर लावायच्या आधी मी त्यात लॉगिन करते.