पोलंडमध्ये ‘नो’ म्हणजे हो

मी कोल्हापुरात आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. आपली मे महिन्याची सुट्टी लागते तेव्हा पोलंडमध्ये शाळा सुरूच असतात, पण मे-जूनमध्ये तिथल्या बऱ्याच शाळा अख्खा वर्ग आठवडाभर डोंगरात नेतात. त्याला ‘झेलोना श्कोवा’ म्हणजे हिरवी शाळा म्हणतात. यातल्या काही शिबिरांना इंग्रजी बोलणारे परदेशी स्वयंसेवक लागतात. आपली सुट्टी आणि त्यांची गरज अशी जुळते, म्हणून शिक्षकांनी जुलै-ऑगस्टची वाट पाहू नये. तेव्हा त्यांना सुट्टी असते आणि आपली शाळा भरलेली. मीही अशीच एका शिबिराला जाऊन आले.

आधी पैशाचं. राहणं-जेवण शिबिराचं आणि विमान-व्हिसा आपला, हा सौदा मला रास्त वाटतो. मला एका मध्यस्थाने ‘नोंदणी’ म्हणून मोठी रक्कम मागितली होती. रोज किती तास शिकवायचं, खोलीत किती जण, सुट्टीचा दिवस कोणता, एवढं विचारलं तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी तो नाद सोडला. हेच प्रश्न तुम्हीही लेखी विचारा. शिबिराच्या जागी आधी राहून आलेल्या एकाशी तरी फोनवर बोला.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच. कमी मुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मोठ्यांसाठी फी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज केंद्राचा आकार वेगळा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यात जायचं तर जानेवारीतच लागा, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. निमंत्रणपत्रात ‘स्वयंसेवक’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि अर्जातही तेच लिहा. ‘टुरिस्ट म्हणून या, इथे बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करा.

मुलांमध्ये काम करायचं म्हणून आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखलाही मागतात. पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटचा अर्ज करा. त्याचं पोलिश भाषांतर लागेल का, हे निघण्याआधी विचारून ठेवा.

आता वर्गाकडे वळू. माझी शिबिराची जागा नैऋत्येला, चेक सीमेजवळच्या क्वोद्स्को भागात होती. व्रोत्सवाफहून रेल्वेने जायचं आणि पुढे गाडी. दर सोमवारी नव्या शाळेची बस येणार, शुक्रवारी जाणार. म्हणजे पाच दिवसांचा धडा पुन्हा पुन्हा नव्या मुलांना. पहिला आठवडा माझा पार फसला. मी घरून चाळीस पानांच्या वर्कशीट नेल्या होत्या! तेरा-चौदा वर्षांची मुलं, वर्गातून सुटका झाली म्हणून खुशीत आलेली, आणि समोर ही बाई पुन्हा रिकाम्या जागा भरायला लावतेय. सगळे मख्ख.

त्यात एक घोळ. खेळाचे नियम सांगून मी एका मुलाला विचारलं, समजलं का? तो म्हणाला, ‘नो.’ मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘नो, नो.’ तिसऱ्यांदा फळ्यावर चित्र काढून सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसायला लागला. रोजच्या पोलिश बोलण्यात ‘नो’ म्हणजे आपलं ‘हां’. तो बिचारा कधीचा ‘हां बाई, कळलं’ म्हणत होता. तेव्हापासून मी ‘समजलं का’ विचारणंच सोडलं, इथल्या वर्गातसुद्धा. सांगायचं आणि लगेच करून दाखवायला लावायचं. कळलं असेल तर दिसतंच.

दुसरी गंमत हाकेची. मुलं हात वर करून ‘प्रोशे पानी’ म्हणतात. मला वाटलं, ह्यांना तहान फार लागते. ते आपलं ‘अहो बाई’ आहे.

आपण मराठी माणसं तिथे एका बाबतीत पुढे असतो, ते म्हणजे हजेरीतली नावं उच्चारणं. पोलिश ‘सी’ हे अक्षर स किंवा क नाही, ते ‘चमचा’तल्या च सारखं. ‘चहा’तल्या च ला त्यांच्याकडे वेगळी अक्षरं आहेत. जे चा उच्चार य, डब्ल्यूचा व, आणि आडवी रेघ मारलेला एल म्हणजे इंग्रजी डब्ल्यू. एवढं विमानात पाठ करा. पहिल्याच दिवशी ‘क्शिश्तोफ’ न अडखळता म्हटलंत की वर्ग तुमचा.

व्याकरणातही आपण एकाच बोटीत. इंग्रजीत नामाआधी येणारे ‘अ’, ‘द’ पोलिशमध्ये नाहीत, मराठीतही नाहीत. ती मुलं ‘आय हॅव डॉग’ म्हणतात, माझीही म्हणतात. मी तिथे नियम सांगितला नाही. दप्तरात किल्ली लपवली आणि वाक्यांची साखळी लावली: पहिल्यांदा वस्तू आली की ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’, चुकला तो बाद. पंधरा मिनिटांत जे झालं ते मला इथे वर्षभर जमलं नव्हतं. आपले उच्चार गोऱ्यांसारखे नाहीत म्हणून घाबरू नका. मी पोलिश बोलताना धडपडते हे बघितल्यावर गप्प बसणारी मुलंसुद्धा तोंड उघडायला लागली. रोज सकाळी त्यांच्याकडून पाच शब्द शिकायचे, ते चुकीचे म्हणायचे, त्यांनी इंग्रजीत दुरुस्त करायचे. हा माझा सगळ्यात चाललेला तास.

प्रत्येक स्वयंसेवकाला आपल्या देशाबद्दल अर्धा तास बोलायला सांगतात. ताजमहाल नेऊ नका, तो आधीच्या तिघांनी दाखवलेला असतो. मी वळिवडे दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळच्या या गावात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या शिक्षिकेने मात्र खुर्ची ओढून पुढे घेतली आणि पुढची दहा मिनिटं तीच पोलिशमध्ये बोलत होती. तुमच्या गावाचा असा एखादा धागा असेल तर तो शोधून ठेवा.

मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका आणि कुठे टाकू तर मुळीच नका. तिथे याबाबत फार कडक आहेत. रात्री दहानंतर ‘चिशा नोत्स्ना’, म्हणजे शांततेची वेळ. मेअखेर उजेड नऊपर्यंत असतो, त्यामुळे मुलं झोपत नाहीत ती नाहीतच. गस्तीची पाळी आली तर दुसऱ्या दिवशी सकाळचा तास दुसऱ्याला द्या.

जेवण. शाकाहारी असाल तर ‘बेझ म्येन्सा’, बिनमांसाचं, हे दोन शब्द स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी सांगा. नाश्त्याला ‘शिंका’ आहे असं ऐकलंत तर ते डुकराचं हॅम. बटाट्याचे पॅनकेक आणि गोड चीज भरलेली नालेश्निकी मात्र खुशाल हाणा. संध्याकाळचं जेवण लवकर आणि बहुतेकदा थंड, ब्रेडचं. दुपारीच पोट भरून घ्या.

स्वेटर हवाच. बारा ते पंधरा मेच्या सुमाराला तिथे बऱ्याचदा थंडी परतते, लोक त्या दिवसांना ‘थंड माळी’ म्हणतात. मी सुती ओढणी गुंडाळून काढले ते चार दिवस. खाऊ म्हणून पेढे नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. भडंग न्या. पण पाकीट सोमवारी फोडू नका, गुरुवारी फोडा. तिखट लागून सगळे एकदम बोलायला लागतात, आणि तेव्हा कुठे ती इंग्रजीत भांडण्याइतकी तयार झालेली असतात.