आजीचा बंब ओला का दिसत होता

तीन राखाडी चित्रं घ्यायची, एक रंगीत फाइलच्या लाल चॅनलमध्ये (म्हणजे लाल रंगाच्या थरात) टाकायचं, एक हिरव्यात, एक निळ्यात, आणि फाइल सेव्ह करायची. चॅनल पॅकिंग म्हणतात ते एवढंच. हात बसला की दहा मिनिटांचं काम. या दहा मिनिटांनी माझ्या पहिल्या नोकरीतले दोन महिने खाल्ले, म्हणून हे लिहायला बसले.

मी कऱ्हाडची. इंटरमिजिएटला ए ग्रेड, मग एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, आणि घरच्यांच्या मते मी आता शाळेत चित्रकलेची बाई होऊन सुखात असायला हवी होते. झाले पुण्यात गेम आर्टिस्ट. पोर्टफोलिओत तलवारी आणि विज्ञानकथेतली दारं सगळ्यांचीच असतात, म्हणून मी आजीचा तांब्याचा बंब केला होता. मधलं धुराडं, खालची राखेची जाळी, बाजूची पितळी तोटी, पोटावरचे पोचे. धुराड्याच्या तोंडाशी काजळी, आणि आजी चिंच लावून घासायची तेवढ्या पट्ट्यात तांबं लालसर उजळ. नोकरी त्या बंबानं मिळवून दिली. नंतर रडवलंही त्यानंच.

गेममधल्या वस्तूवर चढवायच्या चित्राला मॅप म्हणतात. रफनेस सांगतो पृष्ठभाग किती खडबडीत, मेटॅलिक सांगतो धातू आहे की नाही, आणि एओ (अँबियंट ऑक्लूजन) सांगतो खाचाखोचांत किती काळोख. हे तिन्ही मॅप मुळात नुसते आकडे. प्रत्येक पिक्सेलला शून्य ते 255 मधला एक आकडा, त्याला रंग नाहीच. मग त्यासाठी तीन वेगळ्या फाइली कशाला? एका रंगीत चित्रात तीन चॅनल असतातच. लालमध्ये एओ, हिरव्यात रफनेस, निळ्यात मेटॅलिक, हा झाला 'ओआरएम'. अनरिअल हे गेम इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांचा हाच रिवाज, आणि जीएलटीएफ 2.0 या थ्रीडी फाइलच्या प्रकारातही हीच मांडणी चालते. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या एचडीआरपीत (त्याच्या उच्च दर्जाच्या चित्रणपद्धतीत) क्रम वेगळा: लालमध्ये मेटॅलिक, हिरव्यात एओ, निळ्यात डिटेल मास्क (बारीक पोत कुठे दिसावा ते) आणि अल्फात, म्हणजे पारदर्शकतेच्या चौथ्या चॅनलमध्ये, स्मूदनेस. स्मूदनेस म्हणजे रफनेस उलटा, तेव्हा तिथे आधी कंट्रोल आय दाबून चित्र इन्व्हर्ट करायचं. विसरलात तर भिंत आरशासारखी चकाकेल आणि आरसा भिंतीसारखा दिसेल. हे एकदा सगळ्यांचंच होतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

बचत किती, तेही सांगते. 2048 बाय 2048 चा एक राखाडी मॅप कॉम्प्रेशनशिवाय 4 एमबी, तीन मिळून 12. तेच तिन्ही एकात भरून बीसी1 कॉम्प्रेशन (टेक्श्चर लहान करायची एक पद्धत) लावलं की 2 एमबी. वर मिपमॅपचे, म्हणजे लांबून दिसण्यासाठी ठेवलेल्या लहान प्रतींचे, साधारण एक तृतीयांश. शिवाय इंजिनला तीनदा वाचायच्या ऐवजी एकदाच वाचावं लागतं. मोबाइल गेममध्ये याला फार किंमत आहे.

आता माझा खड्डा.

पहिल्याच आठवड्यात मी बंबाचा ओआरएम इंजिनमध्ये घातला आणि बंब ओला दिसायला लागला. नुकताच कुणीतरी वर तेल ओतलंय असा. काजळीसुद्धा चकाकत होती. फोटोशॉपमध्ये रफनेस बघितला तर ठीक होता. काजळीवर 200 च्या आसपास, जुनाट तांब्यावर 128. मेटॅलिकही बरोबर, तांबं तांब्यासारखंच वाटत होतं. मग मी काय केलं? कर्व्ह्ज, म्हणजे फोटोशॉपमधलं उजळपणा कमीजास्त करायचं साधन, उघडलं आणि रफनेस उजळत नेला, इंजिनमध्ये बरा दिसेपर्यंत. 128 चे झाले 188. आवडलं. तोच कर्व्ह सेव्ह केला आणि पुढच्या बावीस प्रॉप्सना (गेममधल्या वस्तूंना) लावला. स्वतःवर खूश होते. 'इंजिनची सवय झाली' असं मैत्रिणीला फोनवर सांगितल्याचंही आठवतं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

झालं होतं असं. इंजिनमध्ये टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, आणलं की त्याला एसआरजीबीची टिक असते आणि साध्या 8 बिटी (शून्य ते 255 वाल्या) चित्राला ती बहुतेक वेळा आपोआप लागलेली असते. एसआरजीबी ही रंगीत चित्रांसाठीची रीत, 1996 मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मांडलेली. आपल्या डोळ्याला गडद छटांमधला फरक जास्त कळतो, म्हणून या रीतीत 255 आकड्यांतले जास्तीचे आकडे गडद छटांना दिलेले असतात. प्रकाशाचा हिशोब करण्याआधी इंजिन ही असमान वाटणी परत सरळ करून घेतं. बेस कलरला, म्हणजे वस्तूच्या रंगाच्या मॅपला, हे हवंच. पण रफनेस हा रंग नाही. तिथला 128 म्हणजे 'निम्मा खडबडीत', बस. टिक राहिली की इंजिन त्या 128 ला रंग समजून सरळ करतं आणि हाती येतात फक्त 55. म्हणजे 0.5 च्या जागी 0.216. काजळीच्या 200 चे होतात 147. 64 चे तर अवघे 13 उरतात. रफनेस कमी म्हणजे चकाकी जास्त, म्हणून बंब ओला.

आणि हे मला दोन महिने का कळलं नाही, ते नीट वाचा. शून्याचं शून्यच राहतं आणि 255 चे 255 च. दोन्ही टोकं हलत नाहीत, सरकतं ते फक्त मधलं. मेटॅलिक मॅप जवळजवळ सगळा टोकांवरच असतो, धातू आहे किंवा नाही. त्यामुळे टिक चुकीची असूनही तांबं तांबंच दिसत होतं. एकाच फाइलमधला एक चॅनल खरं सांगत होता, दुसरा खोटं, आणि मी खऱ्यावर विश्वास ठेवून फाइल बरोबर मानली. एओसुद्धा गडद झाला होता, पण पोच्यांमध्ये जरा जास्त काळोख मला 'छान, डेप्थ आली' असा वाटला. डोळा किती सहज फसतो! चूक तुमच्या आवडीची निघाली तर ती सापडायची नाही.

दोन महिन्यांनी लीडनं (टीमच्या प्रमुखानं) मास्टर मटेरिअल, म्हणजे सगळ्या वस्तूंचं मूळ मटेरिअल, आणि टेक्श्चर दोन्हीकडे एसआरजीबी बंद केलं. इतरांचं काम सुधारलं. माझे प्रॉप्स एका रात्रीत खडूसारखे कोरडे पडले, कारण आता 188 म्हणजे खरोखरच 188 होते. तेवीस वस्तू, बंबासकट. आणि मी मूळ राखाडी फाइली ठेवल्याच नव्हत्या, कर्व्ह लावून त्यांच्यावरच सेव्ह केलं होतं. उलटा कर्व्ह मारून आकडे परत आणले खरे, पण 8 बिटांत ताणलेलं परत दाबलं की मधल्या पायऱ्या गळतात. बंबाच्या गोल पोटावर पट्टे उमटले. शेवटी परत रंगवला.

तेव्हा ऐका: मॅप इंजिनमध्ये वाईट दिसला तर फोटोशॉप उघडू नका. आधी टिक बघा. अनरिअलमध्ये कॉम्प्रेशन 'मास्क्स' निवडलं की एसआरजीबी आपोआप उतरतं. युनिटीत इम्पोर्ट सेटिंगमधली एसआरजीबीची टिक हातानं काढायची. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये इमेज टेक्श्चर नोडवर कलर स्पेस 'नॉन-कलर'. बेस कलरची टिक मात्र काढू नका, नाहीतर सगळं फिकट धुतल्यासारखं होईल आणि मला शिव्या द्याल.

माझी चूक पकडली ती लीडनं नव्हे, शेजारच्या टेबलावरच्या एका ताईंनी. त्यांनी माऊसला हात लावला नाही. म्हणाल्या, "तू चित्र बघतेस, आकडा बघ." मग मला शाळेतली ग्रे स्केलची पट्टी आठवली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पेन्सिलनं चौकोन भरायचे, सर चौकोन मोजायचे. तशी पट्टी फोटोशॉपमध्ये केली: 0, 64, 128, 191, 255. ती तिन्ही चॅनलमध्ये भरली, इंजिनमध्ये एका सपाट फळीवर रफनेस म्हणून लावली आणि शेजारी टेक्श्चर न लावता थेट 0.5 रफनेस दिलेली दुसरी फळी ठेवली. मधला चौकोन तिच्याशी जुळला की टिक बरोबर. पाच मिनिटं लागतात. नवीन प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशी एवढं तरी कराच.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला सबस्टन्स पेंटर या थ्रीडी वस्तू रंगवायच्या सॉफ्टवेअरचे एक्सपोर्ट प्रीसेट (आधीच ठरवलेल्या मांडण्या) वापरू नका. ते पॅकिंग उत्तम करतात, तक्रार तीच आहे. कुठल्या चॅनलमध्ये काय गेलं हे बोटांना कळत नाही. वीस फाइली हातानं पॅक करा, मग खुशाल प्रीसेट वापरा. आणि जो शिकवणारा तुमच्या हातातून माऊस घेऊन 'हे बघ, असं' करतो, त्याच्याकडे फार दिवस बसू नका. माणूस वाईट नसतो, पण तुमचे हात रिकामे राहतात.

हातानं कसं, ते पटकन. फोटोशॉपच्या चॅनल्स पॅनलमध्ये 'मर्ज चॅनल्स' असतं. त्याला सगळ्या फाइली उघड्या, ग्रेस्केल, फ्लॅटन केलेल्या आणि एकाच मापाच्या लागतात. एक 2048 ची आणि एक 1024 ची असेल तर जमणार नाही. पण ग्रेस्केल मोडमध्ये आणखी एक छोटा खड्डा आहे. ग्रेचं प्रोफाइल 'डॉट गेन 20 टक्के' असेल तर आरजीबीतून ग्रेस्केल करतानाच आकडे सरकतात. ती छापखान्याची सेटिंग आहे, आपल्या कामाची नाही. मी मोड बदलतच नाही. स्रोत फाइल आरजीबीच ठेवते, तिच्या एका चॅनलवर क्लिक करून सिलेक्ट ऑल, कॉपी, मग नव्या आरजीबी फाइलच्या हिरव्या चॅनलवर क्लिक करून पेस्ट. नंतर इन्फो पॅनलमध्ये दोन्हीकडचा एकच पिक्सेल वाचून बघते. जिंप या फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कलर्समधल्या कंपोनंट्समध्ये 'कम्पोज' आहे, आणि एखादा मॅप नसेल तर त्या चॅनलला एकच आकडा भरायची सोयही आहे. जिंप फुकट आहे म्हणून कमी समजू नका.

रफनेस हिरव्यातच का, असं विचारलंत तर नुसतं 'रिवाज आहे' म्हणून सोडू नका. बीसी1 मध्ये रंगाला 5, 6, 5 असे बिट मिळतात आणि सहावा बिट हिरव्याचा. डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो रफनेस, म्हणून जास्तीचा बिट त्याला. पण बीसी1 चार बाय चारच्या ठोकळ्यातले सगळे रंग दोनच टोकांच्या मधल्या रेषेवर बसवतं. तिन्ही चॅनल एकमेकांशी न जुळणारे असले की एकाची सावली दुसऱ्यात उतरते. माझ्या बंबावर तोटी जिथे पोटाला भिडते तिथे तांबं, पितळ आणि काजळी एकत्र येत होती, आणि रफनेसमध्ये बारीक चौकटी दिसायच्या. तिथे बीसी7 हे दुसरं कॉम्प्रेशन लावलं. दुप्पट जागा घेतं, 2 च्या जागी 4 एमबी, पण चौकटी गेल्या.

अल्फात काही भरायचं असेल तर पीएनजीच्या पारदर्शकतेवर भरवसा ठेवू नका. फोटोशॉप पूर्ण पारदर्शक पिक्सेलखालचा रंग टाकून देतं, मग तुमचा मेटॅलिक तिथे गायब. चॅनल्स पॅनलमध्ये वेगळा अल्फा चॅनल करा आणि 32 बिटी टीजीए (चित्राच्या फाइलचा एक प्रकार) सेव्ह करा.

मूळ राखाडी फाइली मी आता 16 बिटांत, 'कच्चे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. पहिला बंबही तिथेच आहे, पट्टे उमटलेला.