वॉशर-ड्रायरमधून कपडे ओलेच निघतात? हीटर बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या लातूरकडे मे महिन्यात कपडे वाळवायला मशीन लागत नाही. स्लॅबवरच्या तारेवर शेवटचा कपडा घालेपर्यंत पहिला वाळून कडक झालेला असतो. मग पावसाळ्यात झड लागते, घरभर दोऱ्या बांधल्या जातात, बनियनला कुबट वास मारायला लागतो आणि माझा फोन वाजतो. "मशीन फिरूलालंय बगा, पण कपडे वाळंनातच."

दुरुस्ती हेच माझं पोट. पण अशा फोनवर गेलो की बहुतेक वेळा हत्यारांची पिशवी उघडायचीसुद्धा वेळ येत नाही, आणि नुसता नळ सोडून दिल्याचे पैसे मागायला लाज वाटते. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

धुणं झालं की नळ बंद

वाळवायलाही पाणी लागतं असं सांगितलं की लोकांना वाटतं मी चेष्टा करतोय. बऱ्याच वॉशर-ड्रायरना, म्हणजे धुणं आणि वाळवणं दोन्ही करणाऱ्या मशीनना, वाफ बाहेर सोडायची नळीच नसते. हीटरने तापलेली हवा ड्रममधून फिरते, कपड्यांतला ओलावा उचलते आणि मागच्या एका बंद वाटेत जाते. तिथे नळाच्या गार पाण्याची बारीक धार चालू असते. भाजीच्या पातेल्यावर पाण्याचं ताट ठेवलं की ताटाच्या खालच्या अंगाला थेंब धरतात ना, तेच इथे घडतं. वाफेचं पाणी होतं आणि मोरीत जातं. धार बंद केली तर वाफ जाणार कुठे? फिरून पुन्हा कपड्यांतच.

औसा रोडकडच्या एका मावशींचं मशीन असंच. आधी आलेल्या एकाने हीटर गेला म्हणून नवा बसवला होता. फरक पडला नाही, तेव्हा दुसऱ्याने बोर्ड बदलायला सांगितला. मी गेलो, वाळवणीची फेरी लावली आणि मोरीपाशी उकिडवा बसलो. दाराची काच तापली, आतून धुकं धरलं, म्हणजे हीटर ठणठणीत. पण वीस मिनिटं झाली तरी मोरीत थेंब नाही. मशीनमागे हात घातला, तर अँगल कॉक, म्हणजे मशीनला पाणी देणारा नळ, आवळून बंद.

"मावशी, हा कुणी बंद केला?"

"मीच की. धुऊन झालं की रोज बंद करते. उगं पाणी वाया कशाला घालवावं?"

यावर काय बोलणार? २०१६ च्या एप्रिलात या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर आलं होतं. त्या उन्हाळ्यात रांगेत घागर धरलेल्या बाईला उघडा नळ बघवत नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही. चूक, मागे हात न घालता हीटर विकणाऱ्यांची. जुना हीटर मावशींनी पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. मीटर लावून पाहिला, चांगला होता.

काही मशीन पाणी नसलं की एरर दाखवून थांबतात. मावशींचं बिचारं तीन-साडेतीन तास वाफ घुसळत बसायचं. आता मावशी मशीनमधून पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाचं तोंड स्टुलावरच्या टपात सोडतात आणि त्या पाण्याने फरशी पुसतात. पाइप जमिनीवर मात्र टाकू नका, धुताना ड्रममधलं पाणी आपोआप ओढलं जातं.

माझी सवय सांगतो. वाळवणी चालू असताना आधी मोरी बघायची. अधूनमधून पाणी पडायला हवं. पडत नसेल तर कॉक, मग टाकीतलं पाणी, मग मशीनमागच्या इनलेटची, म्हणजे पाणी आत शिरतं त्या तोंडाची जाळी. टँकरच्या गाळाने ती जाळी बुजते. नळ बंद करून पाइप सोडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. उन्हाळ्यात अजून एक भानगड. स्लॅबवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चटका देतं, त्याने वाफ काय थिजणार? फेरी पहाटे लावा, नाहीतर सरळ तारेवर घाला. काही मशीन पाण्याऐवजी हवेवर वाफ थंड करतात, त्यांना यातलं काहीच लागू नाही. आपलं कुठलं आहे ते पुस्तिकेत असतं, आणि ती पुस्तिका कुणी वाचत नाही.

आठ किलो धुतं म्हणून आठ किलो वाळवायला लावणं

मोठ्या अक्षरातला आकडा धुण्याचा असतो. वाळवणीचा शेजारी बारीक लिहिलेला, आठाच्या मशीनला साधारण पाच. कपड्यांना हवेत उलटायला जागा लागते. गच्च भरलेल्या ड्रममध्ये वरचे करपल्यासारखे होतात आणि मधला गठ्ठा ओला राहतो.

लग्नाचे पाहुणे गेल्यावर एका घरी चादरी, टॉवेल, दोन जीन्स आणि आजींचं सुती नऊवारी असं सगळं एकदम कोंबलेलं. लुगड्याचा दोरखंड झाला होता. उलगडत गेलो तर पोटात जीन्स, आणि जीन्सच्या खिशातून पाणी निथळतंय. धुऊन झालं की निम्मे कपडे बाहेर काढा, उरलेले एकेक झटकून परत टाका. लुगडं वेगळं. "तेवढा वेळ कुणाला आहे?" म्हणणारा माणूस तीन तासांची फेरी दोनदा लावतो, मी पाहिलंय.

घाईवाल्यांची दुसरी खोड म्हणजे स्पिन, म्हणजे पिळायचा वेग, कमी ठेवणं. मिनिटाला १४०० फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यात त्याच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी उरतं, ८०० वर सत्तर टक्क्यांच्या आसपास. ते जादाचं पाणी मग हीटरने उडवायचं, म्हणजे बिल. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून मूठभर जास्त पावडर घालता, तीही न विरघळता कपड्यात बसते. टॉप लोडची, म्हणजे वरून कपडे टाकायच्या मशीनची पावडर घातली तर उलट फेसच इतका होतो की मशीन स्पिन धड घेत नाही.

व्होल्टेजकडे कुणी बघतच नाही. २३० च्या जागी १८० आलं तर हीटरची ताकद पाऊणही राहत नाही, साठ टक्क्यांच्या जरा वर राहते. संध्याकाळी दिवे पिवळे पडले असतील तर वाळवणी लावूच नका. फ्रिजचा स्टॅबिलायझर किंवा घरचा इन्व्हर्टर जोडायची अक्कल लढवू नका. एक्स्टेन्शन बोर्ड तर नाहीच, १६ अँपिअरचं सॉकेट लागतं. वितळलेले बोर्ड बघून कंटाळलोय.

फेरी संपल्या संपल्या कपडा हातात घेऊन "ओलाच आहे" म्हणू नका. गरम कपड्यात वाफ असते. झटका, पाच मिनिटं पसरा, मग हात लावा. मध्येच दार उघडून "झालं का बघू" हे तर बंदच करा, आतली ऊब घालवून पुन्हा पहिल्यापासून तापवायचं.

एवढं सगळं करूनही काच तापतच नसेल, तर मात्र हीटर, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट किंवा आतली वाट धाग्यांच्या लगद्याने तुंबलेली. लोकरीच्या शाली आणि नवे टॉवेल वाळवणाऱ्यांकडे हा लगदा ओल्या वातीसारखा निघतो. तिथे मोबाईलवरचा व्हिडिओ बघून पाना घेऊन बसू नका. प्लग काढा, माणूस बोलवा आणि त्याने हीटर बदलायला सांगितलं तर जुना तुमच्यासमोर मीटर लावून दाखवायला सांगा.