ग्लासगोच्या तिकीटघरांची तपासणी-नोंद कशी वाचावी

तिकीटघर म्हणजे किती माणसांनी झोपावे हे सांगणारे तिकीट दारावर ठोकलेले लहान घर. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात सॅनिटरी इन्स्पेक्टरने, म्हणजे स्वच्छता-निरीक्षकाने, केलेली अशा घराच्या तपासणीची नोंद हाती आली, तर गर्दीचा शेरा वाचण्याआधी भेटीची वेळ पाहावी. दिवसा निरीक्षक सांडपाण्याचे नळ, सामाईक शौचकूप आणि जिन्याची सफाई तपासत असे. मध्यरात्रीनंतर दार ठोठावणारा मात्र मुख्यतः झोपलेली माणसे मोजायला आलेला असे.

या मोजणीमागचा हिशेब आधी समजून घ्यावा. १८६२च्या पोलीस कायद्याने तीन खोल्यांपर्यंतच्या, २००० घनफुटांहून मोठ्या नसलेल्या घरांचे माप घेऊन दारावर पत्र्याचे तिकीट ठोकण्याचा अधिकार नगरपालिकेला दिला. तिकिटावर घरातील हवेचे घनफूट आणि तेथे झोपू शकणाऱ्या प्रौढांची संख्या कोरलेली असे. प्रौढामागे सुरुवातीला ३०० आणि १८९०पासून ४०० घनफूट धरत. लहान मूल अर्धे मोजले जाई. समजा खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि ९ फूट उंच आहे. तिचे १०८० घनफूट भरतात, म्हणजे आईबाप आणि एक मूल यांना १००० घनफूट देऊन ८० उरतात. भाड्याला हातभार म्हणून एक पोटभाडेकरू ठेवला की गरज १४०० वर जाते आणि कुटुंब कायद्याच्या कचाट्यात सापडते. असा हिशेब प्रत्येक नोंदीशेजारी स्वतः मांडून पाहावा, कारण उंच छताची लहानशी खोलीही या मापात खपून जाते, मग तिथे पाय ठेवायला जागा असो वा नसो.

नोंदीतील माणसांचा आकडा हा सापडलेल्यांचा आकडा आहे, हे विसरू नये. थाप ऐकताच लोक पलंगाखाली, कपाटात, प्रसंगी छपरावरही दडत, त्यामुळे हा आकडा किमान समजावा. माझ्या मते ‘गर्दी आढळली नाही’ हा शेरा सर्वांत कच्चा पुरावा होय.

पुढे कारवाईचा माग काढावा. दंड झाला की नाही आणि १९०९च्या गृहनिर्माण कायद्यानंतर घर बंद करण्याचा हुकूम निघाला की नाही, हे नंतरच्या नोंदींत शोधावे. घर रिकामे झाले, तरी तेथील माणसे बहुधा तितक्याच स्वस्त दुसऱ्या खोलीत शिरत. म्हणून शेजारच्या गल्ल्यांच्या नोंदीही चाळाव्यात.

शेवटी १९११च्या जनगणनेशी ताळा घ्यावा. स्कॉटलंडच्या जनगणनेत खिडकी असलेल्या खोल्यांची संख्या कुटुंबागणिक लिहिलेली आहे, शिवाय पोटभाडेकरूंचे कुटुंबप्रमुखाशी नातेही. तेथे पाच आणि निरीक्षकाकडे तीन माणसे दिसली, तर लगेच लपवाछपवीचा निष्कर्ष काढू नये. तपासणीची रात्र आणि जनगणनेची रात्र यांमध्ये किती महिने गेले, ते आधी मोजावे.