गुणसूत्राचा उलटलेला तुकडा दोऱ्यांनी कसा जुळवून पाहावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून पदवीला इंग्रजीतून जीवशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘इन्व्हर्जन’ (गुणसूत्राचा तुकडा उलटणे) या शब्दापेक्षा त्याची आकृती जास्त छळते. पुस्तकातील वेटोळे पाठ होते, पण प्रश्नात क्रॉसिंग ओव्हरची, म्हणजे जोडीतील दोन गुणसूत्रांतल्या तुकड्यांच्या अदलाबदलीची, जागा बदलली की हात थांबतो. म्हणून ती आकृती पाठ न करता हाताने जुळवावी. त्यासाठी खडेबाजारातून तांबडा आणि काळा करगोटा प्रत्येकी दोन हात, सेंट्रोमिअरसाठी (पेशी विभागताना गुणसूत्र जेथून ओढले जाते ती जागा) दोन मणी आणि कागदाच्या चिठ्ठ्या आणल्या की पुरे.

तांबड्या दोऱ्यावर क, मणी, ख, ग, घ, च, छ अशा क्रमाने जनुकांच्या चिठ्ठ्या लावाव्यात. काळ्या दोऱ्यावर मात्र क, मणी, ख, च, घ, ग, छ असा क्रम ठेवावा. गुणसूत्र दोन ठिकाणी तुटून मधला तुकडा उलटा होऊन पुन्हा जोडला गेला, एवढाच या बदलाचा अर्थ. काहीही हरवलेले नाही, आणि म्हणूनच असे गुणसूत्र बाळगणारी व्यक्ती बहुधा धडधाकट असते. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२१ मध्ये फळमाशीच्या दोन जातींची तुलना करताना जनुकांचा असा उलटा क्रम दाखवून दिला.

अडचण मिऑसिसमध्ये, म्हणजे युग्मके (बीजपेशी) तयार करणाऱ्या विभाजनात येते. तेथे सारखे जनुक समोरासमोर यायला हवेत, म्हणून तांबड्या दोऱ्याचा ग-घ-च हा भाग वेटोळ्यासारखा वळवावा आणि काळा दोरा त्या वेटोळ्यात उलट दिशेने असा फिरवावा की ग समोर ग, घ समोर घ येईल. आता ग आणि घ यांच्या मध्ये दोन्ही दोरे कापून टोके अदलाबदलीने गाठवावीत. हाती एक दोरा येतो क-मणी-ख-ग-घ-च-ख-मणी-क, म्हणजे दोन मण्यांचा. दुसरा येतो छ-ग-घ-च-छ, म्हणजे एकही मणी नसलेला. पहिला पेशीच्या दोन्ही ध्रुवांकडे ओढला जाऊन मध्ये पूल तयार होतो व तो तुटतो, दुसरा कुठेच न ओढला जाता हरवतो. मणी उलटलेल्या तुकड्याच्या बाहेर असलेला हा पॅरासेंट्रिक प्रकार झाला.

पेरिसेंट्रिक प्रकारात मणी उलटलेल्या तुकड्याच्या आत असतो. तांबडा क-ख-ग-मणी-घ-च-छ आणि काळा क-ख-च-घ-मणी-ग-छ ठेवून घ आणि च यांच्या मध्ये कापावे. या वेळी दोन्ही नव्या दोऱ्यांत एकेकच मणी येतो, पूल होत नाही; पण एकात क-ख दोनदा येऊन छ गायब होतो, दुसऱ्यात छ दोनदा येऊन क-ख गायब. हा प्रकार वरवर निरुपद्रवी दिसतो, पण माझ्या मते समजून घ्यायला तोच महत्त्वाचा आहे, कारण असे युग्मक फलित होऊ शकते.

मिऑसिसच्या वेळी प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, म्हणजे क्रोमॅटिड, असतात; क्रॉसिंग ओव्हरमध्ये भाग न घेतलेले दोन क्रोमॅटिड येथे दाखवलेले नाहीत. त्यांपैकी एक सरळ, एक उलटलेला, पण दोन्ही पूर्ण. म्हणून वेटोळ्यात एकदाच अदलाबदल झाली तर चारपैकी दोन युग्मके बिघडतात. तुकडा लहान असेल तर अदलाबदलच क्वचित होते. क्रॉसिंग ओव्हर ‘बंद पडते’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नये. त्यातून आलेली युग्मके किंवा त्यांचे गर्भ बहुधा टिकत नाहीत, एवढेच.

मक्यात एक सरळ आणि एक उलटलेले गुणसूत्र असलेल्या संकराचे काही परागकण वांझ निघतात आणि आयोडिनमध्ये ते भरलेल्या कणांसारखे काळेनिळे होत नाहीत. आपल्या शेतातील साध्या मक्याच्या तुऱ्यात मात्र हे शोधत बसू नये, त्यासाठी इन्व्हर्जन असलेले वाण लागते. फळमाशीचे गणित वेगळे आहे: नरात क्रॉसिंग ओव्हर होत नाही आणि मादीत पुलाने बांधलेले क्रोमॅटिड मध्ये अडकून पूर्ण क्रोमॅटिड अंड्याकडे जाते, त्यामुळे पॅरासेंट्रिक इन्व्हर्जन असूनही अंडी वाया जात नाहीत.

घरात वारंवार गर्भपात झाल्यामुळे पती-पत्नीचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) केला असेल, तर अहवालात प्रथम दोन तुटण्याच्या जागा पाहाव्यात. पी म्हणजे सेंट्रोमिअरच्या एका बाजूची आखूड भुजा, क्यू म्हणजे दुसऱ्या बाजूची लांब भुजा; एका जागेपुढे पी आणि दुसऱ्या जागेपुढे क्यू असेल तर प्रकार पेरिसेंट्रिक. दोन्हीकडे एकच अक्षर असेल तर पॅरासेंट्रिक. पेरिसेंट्रिकमध्ये उलटलेला तुकडा लांब असला तर बाहेरची टोके आखूड राहतात, जनुकांचा असमतोल लहान असतो आणि दोष असलेले मूल जन्माला येण्याची शक्यता वाढते. टोके लांब असली तर गर्भ बहुधा आधीच गळतो. नवव्या गुणसूत्राचे सेंट्रोमिअरलगतचे इन्व्हर्जन मात्र १ ते ३ टक्के लोकांत आढळते आणि ते सामान्य वैविध्यच मानले जाते. अहवालात तेवढेच आले असेल तर गर्भपाताचे कारण दुसरीकडे शोधण्यासाठी जनुकीय सल्लागाराकडे जावे.