डान्सबारवर वाद घालताना या चुका टाळा

डान्सबारचा विषय निघाला की कुणी संस्कृती काढतं, कुणी व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. कायद्यात काय लिहिलं होतं, ते फारसं कुणी बघत नाही. पहिली चूक तीच.

2005 साली मुंबई पोलीस कायद्यात कलम 33अ घालून बारमधल्या नाचावर बंदी आली. त्याला लागूनच 33ब होतं: तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना, जिमखान्यांना सूट. म्हणजे तोच नाच बड्या हॉटेलात चालणार, नाक्यावरच्या बारमध्ये समाज बिघडवणार. बंदीच्या बाजूने बोलायचं असेल तर आधी 33बचं समर्थन करून दाखवा. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंदी टिकू दिली नाही, त्यात या भेदभावाचा मोठा वाटा होता. दुसरा मुद्दा व्यवसायस्वातंत्र्याचा.

मात्र बंदीच्या विरोधकांनीही सगळी भिस्त समतेवर ठेवू नये. 2014 मध्ये विधिमंडळाने एकमताने ती सूटच काढून टाकली. घ्या समता! सगळीकडेच बंदी. ज्यांच्याकडे भेदभावापलीकडे युक्तिवाद नव्हता, त्यांची तिथेच पंचाईत झाली. पोटापाण्याचा प्रश्न, बाईचा स्वतःचा निर्णय, हे स्वतंत्रपणे मांडावं लागतं. बंदीनंतर अनेकजणींना नाइलाजाने वेश्याव्यवसायात जावं लागलं, याची नोंद 2013च्या निकालातच आहे.

मिलला अर्धवट वापरणं ही तर नेहमीचीच खोड. ‘पोरगा जमीन विकून पैसे उधळतो, घरदार उघड्यावर पडतं’ हा बंदीवाल्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणून तो उडवता येत नाही. खुद्द मिलने 1859 मध्येच याचं उत्तर दिलंय: उधळपट्टीमुळे कुणी बायकापोरांची जबाबदारी टाळत असेल तर शिक्षा जबाबदारी टाळल्याची व्हावी, उधळपट्टीची नव्हे. त्या हिशोबाने जाब उधळणाऱ्याने द्यायला हवा. नाचणारीची रोजी का जावी?

आणि निकाल हातात आला म्हणून वाद मिटला असंही धरू नका. 2014ची बंदीही पुढे टिकली नाही, पण 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टिप देण्याला मुभा दिली, नोटा उधळण्याला नाही. हा फरक प्रतिष्ठेच्या नावाने मला पटतो. तरी कुणाची प्रतिष्ठा आणि नाचणारीला विचारलं होतं का, हे प्रश्न राहतातच.