सह्याद्रीच्या भटकंतीत छोटा डिजिटल कॅमेरा : या चुका टाळा

मोठा डीएसएलआर कॅमेरा घेऊन डोंगरात जाणारा माणूस त्याची काळजी आपसूकच घेतो, कारण त्याचे वजन आणि त्याची किंमत त्याला पावलोपावली जाणवत असते. खिशात मावणाऱ्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या वाट्याला ती काळजी येत नाही. तो छोटा आहे, तेव्हा कुठेही कोंबला तरी चालेल, असे गृहीत धरले जाते. आणि ट्रेकहून परतल्यावर बंद पडलेले जे कॅमेरे लोक माझ्याकडे घेऊन येतात, त्यांतील बहुतेकांच्या दुखण्याचे मूळ याच समजुतीत सापडते. खरे पाहता बटण दाबताच बाहेर सरकणारी त्याची लेन्स हा अत्यंत नाजूक भाग आहे, आणि ती बिघडली तर डीएसएलआरसारखी काढून दुसरी लावता येत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक पावसात नव्हे, तर गाडीत होते. एका पावसाळ्यात आमच्या गटातील एक तरुण नवा कॅमेरा घेऊन हरिश्चंद्रगडाला आला होता. रात्रभर वातानुकूलित गाडीत, थंड हवेच्या झोताखाली कॅमेरा ठेवून तो पहाटे गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावात उतरला आणि उतरताक्षणी त्याने फोटो काढायला सुरुवात केली. बाहेरची हवा गाडीतल्यापेक्षा थोडीच उबदार असली तरी बाष्पाने गच्च भरलेली होती, त्यामुळे थंड काचेवर क्षणात दव जमले. त्याने ते सदऱ्याच्या टोकाने पुसले, पुन्हा दव आले, पुन्हा पुसले. मग काहीतरी अडकले असावे असे वाटून तो झूम पुढेमागे करत राहिला. लेन्स बाहेर येताना आत हवा ओढून घेते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या प्रत्येक हालचालीबरोबर दमट हवा भिंगांच्या मधल्या पोकळीत शिरत गेली. आम्ही गडाच्या कोकणकड्यावर पोहोचलो तेव्हा पाठीमागून ऊन आले, समोरच्या दरीतील ढगावर आमच्या सावल्या पडल्या आणि त्यांच्याभोवती इंद्रवज्राचे रंगीत कडे उमटले. ज्या दृश्यासाठी लोक वर्षानुवर्षे कड्यावर खेटे घालतात, त्याचे त्याच्याकडे दुधाळ पांढऱ्या फोटोंखेरीज काहीही राहिले नाही. घरी गेल्यावर त्याने कोणाच्या तरी सल्ल्यावरून कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला. काही महिन्यांनी आतील भिंगावर बुरशीचे धागे दिसू लागले, आणि दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या जवळपास जाणारा निघाला.

यावरचा माझा उपाय जुना आणि साधा आहे. घरातून निघतानाच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालतो, पिशवीतील हवा दाबून काढतो आणि ती सॅकमध्ये खोल ठेवून सॅक डिकीत टाकतो. पायथ्याला उतरल्यावर चहा होईपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा तास, पिशवी उघडत नाही. तोवर कॅमेरा बाहेरच्या हवेइतका उबदार झालेला असतो. नवशिक्यांना हा अर्धा तास फार जड जातो, परंतु त्याला पर्याय नाही. तरीही दव आत गेलेच, तर कॅमेरा बंद करावा, झूमला हात लावू नये आणि कोरड्या जागी पोहोचल्यावर बॅटरी व मेमरी कार्ड काढून तो भरपूर सिलिका जेलसह (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांसह) हवाबंद डब्यात दोन दिवस ठेवावा. तांदूळ ओलावा फारच सावकाश शोषतो आणि त्याची पिठी लेन्सच्या फटीत जाऊन बसते, म्हणून तो मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. सिलिका जेलचे रंग बदललेले दाणे मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र त्यासाठी स्वयंपाकाचे भांडे घेऊ नये.

जलरोधक कॅमेरा घेतला की प्रश्न मिटला, असे मानणेही चुकीचे आहे. ऑलिंपसचा टीजी-6 पाण्यात 15 मीटर खोलीपर्यंत चालतो, पण बॅटरीचे दार नीट बंद असेल आणि त्याच्या रबरी पट्टीवर वाळूचा कण किंवा केस नसेल तरच. भर पावसात कार्ड बदलण्यासाठी ते दार उघडणाऱ्यांना मी अनेकदा थांबवले आहे. दार गुहेत किंवा तंबूत, कोरड्या हातांनीच उघडावे. एवढे पथ्य पाळणार असाल, तर पावसाळ्यासाठी मी हाच प्रकार सुचवीन, कारण यात लेन्स बाहेर येतच नाही.

पँटच्या खिशात किल्ल्या, सुटे पैसे आणि चिवड्याचे कण यांच्यासोबत कॅमेरा ठेवू नये. खिशात चुकून बटण दाबले जाते, लेन्सला बाहेर यायला जागा मिळत नाही, तिचे दाते सरकतात आणि पडद्यावर लेन्स एररची सूचना झळकते. सॅकच्या तळाशी ठेवलेला कॅमेराही उपयोगाचा नाही, कारण धुके फाटते ते मिनिटभरच. मी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला छोटी पाकीटवजा पिशवी कायमची लावली आहे आणि मनगटाची दोरी अडकवल्याशिवाय कॅमेरा तिच्यातून काढत नाही.

धुक्यातील फोटो राखाडी येतात, कारण कॅमेरा समोरचा सगळा पांढरेपणा मध्यम करड्या रंगाचा समजून प्रकाश कमी करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजेड कमीजास्त करण्याची सोय, +0.7 ते +1 इतके वाढवले की धुके पांढरे दिसते. घरी संगणकावर उजळून घेऊ, हा आळस आहे. त्यात दूरच्या डोंगररांगांचे बारकावे परत येत नाहीत. धुक्यात आणि पावसात फ्लॅश बंदच ठेवावा, अन्यथा जवळचे थेंब पांढरे ठिपके होऊन सगळ्या चौकटीत पसरतात. हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेतही फ्लॅश समोरचे पाणी आणि खांब सपाट करून टाकतो. तिथे कॅमेरा कातळावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावल्यास कमी आयएसओवरही (प्रकाशाच्या संवेदनक्षमतेवरही) फोटो स्वच्छ येतो.

डिजिटल झूम फोटोचा मधला भाग कापून फक्त मोठा करतो, तेव्हा तो मेनूतून कायमचा बंद करावा.

हिवाळ्यात गडमाथ्यावर मुक्काम असेल तर बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमध्ये स्वतःजवळ ठेवावी. थंडीत लिथियम-आयन बॅटरी लवकर संपल्यासारखी वाटते, पण ऊब मिळाली की तिच्यातील बरीच शक्ती परत मिळते. वायफाय आणि जीपीएस गरजेपुरतेच चालू ठेवावेत.

काढलेले फोटो चालता चालता पडद्यावर पाहणे ही सवय मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते. घसरड्या कातळावर किंवा अरुंद आडव्या वाटेवर ते जिवावर बेतू शकते, तेव्हा थांबून, दरीपासून दूर बसून पाहावे. नकोसे फोटोही तिथेच पुसू नयेत. घाईत आणि ओल्या बोटांनी भलताच फोटो पुसला जातो. कार्डावरील फोटो संगणकावर उतरवून, उघडून तपासल्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करावे.